पुढचा शाफ्ट

बैल घ्यायचा तो जिथं सोयरा नाही अशा दारातून, आणि सोयरीक करायची ती जिथून कधी बैल घेतला नाही अशा घरात, हा बहिरूनानांचा नेम चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. "बैल लंगाडला तर सोयरीक लंगाडाया नको," एवढंच नाना सांगत. एकदा घोटीच्या बाजारात जोडी पसंत करून, दावं हातात घेऊन, चार पावलं चालल्यावर त्यांना कळलं की बैलवाला त्यांच्या मावसमेव्हण्याचा साडू लागतो. नानांनी दावं परत दिलं, रामराम घातला, त्याच्याच घरी जेवले आणि तो हंगाम शेजाऱ्याचे बैल मागून काढला.

हा नेम जीपला लागू होतो का, हा प्रश्न मात्र १९९८ च्या मे महिन्यापर्यंत घरात कुणाला पडला नव्हता.

जीप हवी होती यात वाद नव्हता. मातोरीकडचा मळा नाल्यापलीकडं, आणि आषाढापासून दसऱ्यापर्यंत नाला आपल्या मर्जीनं रस्ता द्यायचा. टेम्पो अलीकडं उभा करायचा आणि झेंडूचे क्रेट डोक्यावरून आणायचे. थोरल्या भारतला चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती ती एवढ्यासाठी. धाकट्या समाधानला ती भंडारदऱ्याला न्यायची होती, रस्ता जिथं संपतो तिथून पुढं.

"कामाला पण होईल आणि मौजेला पण," तो म्हणायचा.

"मौजंला गाडी कशापायी?" नाना विचारायचे. "मौज बसल्या जागी करावी."

जुनीच बघायची असं ठरलं. समाधाननं नाशकात द्वारकेच्या एका गॅरेजात दोन वर्षं हात काळे केले होते, त्यामुळं गाडीखाली शिरून निकाल देण्याचं काम त्याचं. दोन गाड्या बघून झाल्या. पहिलीत बसताना नानांचा पाय कुजक्या पत्र्यातून थेट जमिनीला टेकला. "ब्रेक चांगला हाय," नाना म्हणाले आणि उतरले. दुसरी देवळाली कॅम्पात, एका निवृत्त सुभेदाराची. त्यांनी गाडी दाखवण्याआधी समाधानची दोन तास मुलाखत घेतली आणि त्याला नापास केलं. गाडी शेवटपर्यंत दिसलीच नाही.

"तिसरी विंचूरला आहे," प्रतिभावहिनी एके दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली. वहिनी म्हणजे भारतची बायको, माहेर लासलगावचं. "पुंजाशेठ कांदेवाल्यांची. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली." मग तव्याकडंच बघत म्हणाली, "त्यांची हर्षाली यंदा बी.कॉम. झाली."

आई, म्हणजे नवसाबाई, लसूण सोलायची थांबली.

"कशी हाय जीप?"

"गव्हाळ आहे," वहिनी म्हणाली. "नाकीडोळी नीटस."

तेव्हा असं ठरलं की जायचं जीप बघायला. पोरगी दिसली तर दिसली. नाहीच जमलं तर पोरीच्या नावाचा बोभाटा नको. "जीप नापसंत केली तर जीपला काय कुणी नावं ठिवीत नाय," आई म्हणाली. वहिनीनं तसा निरोप धाडला. पुंजाशेठनीही जीप धुऊन अंगणात उभी करायचं कबूल केलं.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं की जीप हे निमित्त आहे. फक्त भारतला जीप खरोखरच हवी होती, आणि नाना एकदा जनावर बघायला लागले की कशासाठी आलोय ते विसरायचे. एवढ्या दोन गोष्टी कुणी ध्यानात घेतल्या नाहीत.

विंचूरला पुंजाशेठच्या अंगणात जीप उभी होती. हिरवी, धुतलेली, तोंडावर झेंडूचा हार. हार शिळ्या फुलांचा होता, हे नानांना सगळ्यांत आधी दिसलं, पण पाहुण्यांच्या दारात ते काही बोलले नाहीत.

"या, या बहिरूनाना," पुंजाशेठ म्हणाले. "आधी च्या घ्या. जीप कुठं पळून चालली?"

"च्या होईल की. आधी जनावर बघू."

नानांनी बॉनेटवर थाप मारली. "तोंड उघडा हिचं." आत डोकं घालून हुंगलं. पुढच्या जाळीच्या पट्ट्या बैलाचे दात मोजावेत तशा बोटानं मोजल्या आणि म्हणाले, "जुळलंय जनावर. पर चार वर्सं काम करल." टायरचे खूर दाबून पाहिले. मागं जाऊन पाठीवर भोवरा आहे का ते बघितलं. हूडच्या दांडीवर एक पोचा सापडला, तो त्यांनी शुभ ठरवला. मग भारतला सांगून गाडीला अंगणात तीन फेऱ्या चालवलं, आणि थांबल्यावर बॉनेटवर उलटा हात ठेवून ताप आहे का ते पाहिलं.

"नाना, गिअरला दोन दांडे बघा, दोन!" भारत आतूनच ओरडला. त्याचा चेहरा बैलगाडीच्या शर्यतीतल्या पोरासारखा झाला होता. "हा ओढला का पुढची चाकं बी ओढत्यात. नाला काय, गोदावरी पार करू आपण."

पुंजाशेठ हसले. हसणं जरा वेळ जास्त टिकलं. "बघा की निवांत. घरचीच हाये."

"समा," नाना म्हणाले, "जा खाली."

समाधान गोणपाट पसरून जीपखाली सरकला. वर आई आणि पुंजाशेठच्या कुसाबाई यंदाच्या उन्हाळ्यावर बोलत होत्या, दोघींनाही दुसरंच काही बोलायचं असल्यासारख्या. कमानी धड होत्या. दोन चाकांमधल्या हाऊसिंगमधून ऑईल गळत नव्हतं. इतक्यात पुढच्या चाकाशेजारी दोन पाय येऊन उभे राहिले. साध्या चपला. टाचेला कांद्याचा लाल पापुद्रा चिकटलेला, आणि डाव्या अंगठ्यावर जुन्या ठेचेची खूण.

मुलगी बघायच्या कार्यक्रमात पाय सगळ्यांत शेवटी बघतात, चालून दाखव म्हणतात तेव्हा. समाधानचा कार्यक्रम शेवटापासून सुरू झाला.

"टॉर्च हवाय का?" पाय म्हणाले.

"नको. दिसतंय."

"काय दिसतंय?"

"कमानी," समाधान म्हणाला.

"पुढचा शाफ्ट दिसतोय का ते बघा."

त्यानं मान वळवली. गिअरबॉक्समधून पुढच्या चाकांकडं जाणारा लोखंडी दांडा जिथं असायला हवा, तिथं काहीच नव्हतं. जिथून तो निघतो ते तोंड गोणपाटानं बांधून वर तार आवळली होती, लोणच्याच्या बरणीला बांधतात तशी.

"नाहीये."

"नाहीच आहे. अण्णांनी काढून ठेवलाय. म्हणतात, मागची चाकं फिरतात तर पुढची कशाला फिरवायची? डिझेल जास्त जातं."

"आणि आत सीटजवळचा तो दुसरा दांडा?"

"तो आहे तसाच. ओढला की बरं वाटतं."

समाधानला हसू आलं आणि डोकं हाऊसिंगवर आपटलं. पाय अर्धं पाऊल पुढं आले. "लागलं का?"

"नाही, नाही."

"हे बघा," आवाज खाली आला. ती वाकली असावी. ओढणीचं टोक दिसलं, चेहरा नाही. "तुमच्या दादांना जीप फारच आवडलेली दिसतेय. आणि अण्णांना ती विकायची नाहीये. पाहुण्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून मला पाठवलंय. तुम्ही बाहेर निघा आणि सांगा, शाफ्ट नाही, आम्हाला नको. एवढं कराच."

"तुम्ही चालवता ही?"

"बाजार समितीत कांदा घेऊन मीच जाते. का?"

"सहज."

"मग सांगाल ना?"

"हां," समाधान म्हणाला.

पाय गेले. टाचेचा पापुद्रा तिथंच गळून पडला. समाधान आणखी पाचेक मिनिटं खाली पडून राहिला आणि त्या पाच मिनिटांत त्यानं आयुष्यातला सगळ्यांत मोठा विचार केला. तो असा: हिची जीप. ही चालवते. उद्या ही आपल्या घरी यायची, तर हिच्या आधी हिची जीप आपल्या दारात उभी असावी. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासरी ओळखीचं असं काय असतं? शाफ्टचं काय, तो तिच्यामागं येईलच, रुखवतात. शिवाय पहिल्याच भेटीत होणाऱ्या सासऱ्याच्या वस्तूत खोट काढणारा जावई कुणाला हवा असतो?

विचार सगळ्या बाजूंनी पक्का होता. नानांचा नेम तेवढा त्यात राहून गेला.

तो बाहेर आला. सगळे त्याच्याकडं बघत होते. दारात परकराचा की ओढणीचा रंग दिसला, पण पाहुण्याच्या घरी मान वर करून बघणं बरं नव्हे म्हणून त्यानं टायरकडं बघितलं.

"काय रं समा?" नानांनी विचारलं.

"ठणठणीत आहे."

"चारी चाकं?" भारत.

"चारी."

घरात स्टीलची ताटली पडल्याचा आवाज झाला.

पुंजाशेठनी समाधानकडं बघितलं. आश्चर्यानं म्हणावं तर तसं नाही. रस्ता विचारणारा माणूस बरोबर उत्तर ऐकून उलट्या दिशेनं निघाला की आपण बघतो, तसं. तेवढ्यात नानांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पुंजाशेठच्या हातावर टाकलं आणि खालून आपला हात घातला. बैलबाजाराची ही रीत. भाव बोलायचा नाही, उपरण्याखाली बोटं दाबून सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. पुंजाशेठनी सौदा मोडावा म्हणून हाताला येतील तेवढी बोटं दाबली. नाना मोठ्यानं हसले, त्यांना ती पाहुण्यांची थट्टा वाटली, आणि त्यांनी बेतशीर बोटं दाबून हात घट्ट धरला. पुंजाशेठना सोडवता येईना.

"झाला सौदा!" भारत म्हणाला.

कुसाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग आतून कुंकवाची वाटी आणून जीपच्या कपाळाला लावलं. करणार काय?

मग पोहे आले. ताटली पुढं करणारा हात समाधानला दिसला, हिरव्या बांगड्यांचा. तो पुढं गेल्यावर त्यानं बाकीच्यांच्या ताटल्या बघितल्या. सगळ्यांना लिंबाची फोड होती. त्याला नव्हती.

"बस गं बाळा," आईनं विषय काढला. "किती शिकलीस म्हणायचं?"

भारतनं चमचा खाली ठेवला आणि नानांच्या कानाशी वाकला. पण भारतचं कुजबुजणं बांधावरून हाक मारल्यासारखं होतं. "नाना, तुमचा नेम. सौदा झालाय."

नानांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी जीपकडं बघितलं, मुलीकडं बघितलं, पुन्हा जीपकडं. त्यांच्या तोंडावर खरंच वाईट वाटल्याचं दिसलं, त्यात खोटं काही नव्हतं.

"अवो, जीप म्हंजी काय बैल हाय का?" आई म्हणाली.

"मघाशी दात मोजले ना मी?" नाना म्हणाले. "तवा कुनी बोललं नाय."

हर्षाली रिकामा ट्रे घेऊन उभी होती. बी.कॉम. असं तिचं उत्तर ओठांशी येऊन थांबलेलं. मग तिनं ट्रे दुसऱ्या हातात घेतला आणि ती आत गेली. प्रतिभावहिनीनं नवऱ्याकडं अशी नजर टाकली की जीपचा रंग उडावा. भारतच्या मनात तेव्हा नेम होता, जीप होती, की घरात दुसरी सून आली म्हणजे दुसरी चूल येते ही धास्ती, ते समाधानला पुढं वाटणीच्या वेळी कळायचं होतं. त्या दिवशी भारत फक्त हॉर्न वाजवून बघत होता.

परतताना तो जीपमध्ये. समाधान, आले होते त्याच टेम्पोच्या मागच्या हौद्यात, वहिनीसमोर.

"भाऊजी, ती गाडीपाशी आली होती ना? काय म्हणाली?"

"टॉर्च हवाय का, म्हणाली."

"बास?"

"बास."



दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाला भरून आला. भारतनं जीपमध्ये झेंडूचे चाळीस क्रेट रचले, पाण्याच्या कडेला थांबून नमस्कार केला, तो दांडा ओढला आणि गाडी घातली. मधोमध जाऊन मागची चाकं वाळूत रुतली. पुढची शांत उभी राहिली, पाहुण्यासारखी. पाणी वर चढलं तसे क्रेट उचलले गेले, कलंडले, आणि नाला या काठापासून त्या काठापर्यंत केशरी झाला. त्या दसऱ्याला त्यांची फुलं नाशिकला पोचली, वेळेतही पोचली. फक्त नाल्यानं आणि पुढं गोदावरीनं नेली.

दोरखंड लावून जीप ओढून काढल्यावर भारत खाली वाकला आणि त्याला ते गोणपाट दिसलं.

"फसवलं! त्या पुंजानं फसवलं आपल्याला!"

समाधान तिथंच उभा होता, गुडघाभर पाण्यात. त्याला बोलायचं होतं. शब्दही तयार होता, एकच होता, 'मीच'. मग नाना म्हणाले, "बरं झालं सोयरीक नाय केली तिथं," आणि तो शब्द परत गेला. त्या दिवसापासून पुंजाशेठचं नाव घरात वाईट उदाहरण म्हणून निघू लागलं. दूध नासलं तरी आई म्हणायची, "पुंजाच निघालं." समाधान ते दूध मुकाट्यानं मांजराला घालायचा.

तुळशीची लग्नं झाल्यावर एका सकाळी पुंजाशेठ स्वतः आले. एस्टीनं आले, पुढं मळ्यापर्यंत चालत आले. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं आणि हातात लग्नपत्रिकांची पिशवी. ओसरीवर त्यांनी आधी नानांच्या हातात पत्रिका दिली, मग खांद्यावरचं ओझं त्यांच्या पायाशी ठेवलं. गोणपाट उलगडल्यावर शाफ्ट दिसला. पुसून ग्रीस लावलेला. पत्रिकेला लावताना हळदीचं एक बोट त्यालाही लागलेलं.

"हर्षालीचं ठरलं," ते म्हणाले. "येवल्याला दिली. सगळ्यांनी यायचं."

"आता आणता व्हय शाफ्ट?" भारत उसळला. "आमचा दसरा व्हावून गेल्यावर? फसवलं तुम्ही!"

"मी फसवलं?" पुंजाशेठना राग आला नाही, ते बुचकळ्यात पडले. "आवो, शाफ्ट कांद्याच्या चाळीत पडलेला. सौद्यात आला म्हंजी तुमचाच. न्यायला येताल म्हनून मी सहा महिने वाट बघितली. आन् शाफ्ट नाय हे तर त्याच दिवशी सांगितलं हुतं की! तुमच्या धाकल्याला. पोरीला खास धाडलं हुतं मी."

भारत समाधानकडं वळला.

"मला जीप विकायचीच नव्हती," पुंजाशेठ पुढं म्हणाले, हळू. "त्या दिशी दारात शोभा म्हनून उभी केलेली. तुमचा नेम प्रतिभाताईनं कळवला हुता. म्हनून तर म्हनलं, पोरानं खोट काढावी, सौदा मोडावा, म्हंजी दुसरं बोलनं मोकळं होईल. पोरगी जाऊन सांगून आली. तुमचं पोरगं बाहेर आलं आन् म्हनलं, ठणठणीत. मग आमी काय समजायचं? म्हनलं, ह्यांना जीपच पाह्यजे." ते उठले. "पोरगी पन तेच म्हनली. म्हनली, अण्णा, त्यांना जे पाह्यजे ते पुरं देऊन या. अर्धं ठेवू नका."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. आई चहा ठेवायला म्हणून उठली आणि चुलीपाशी नुसतीच बसून राहिली. चहा झाला नाही. पुंजाशेठ पाणी पिऊन गेले.

"सांगितलं व्हतं तिनं?" नानांनी समाधानला विचारलं.

"हो."

"मंग?"

समाधाननं त्या पाच मिनिटांतला विचार सांगितला. जीप, ओळखीची वस्तू, सासरी आलेली मुलगी. उजेडात बोलून दाखवल्यावर तो विचार फार लहान झाला, तीन वाक्यांत संपला. त्याला वाटलं होतं नाना हसतील किंवा शिव्या देतील. भारत तर शिवी द्यायला तोंड उघडून बसलाच होता. पण नानांकडं बघून त्यानंही ते मिटलं आणि तो क्रेट मोजायला निघून गेला. क्रेट रिकामेच होते.

"आन मी," नाना म्हणाले, "दात मोजत बसलो."

दुपारी समाधान शाफ्ट घेऊन जीपखाली शिरला. गोणपाट सोडलं, तार काढली. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस लवकर बसेना. थोड्या वेळानं पुढच्या चाकाशेजारी दोन पाय येऊन उभे राहिले. भेगाळलेले, चिखलाचे, म्हाताऱ्या माणसाचे.

"बत्ती धरू का?"

"नको नाना. दिसतंय."

नाना तिथंच उकिडवे बसले. पाना हातात देत राहिले, मागितला नाही त्या आकड्याचाही देत राहिले.

"समा, कशी व्हती रं ती पोरगी? मी काय नीट बघितली नाय."

समाधाननं शेवटचा बोल्ट आवळला. मग आणखी एकदा आवळला, गरज नसताना.

"मी पण नाही, नाना," तो म्हणाला. "मी पायच बघितले. डाव्या अंगठ्याला ठेच लागलेली."

"हां," नाना म्हणाले.

संध्याकाळ व्हायच्या आत नाना समाधानच्या शेजारी बसले आणि दोघांनी जीप नाल्याकडं काढली. काठावर समाधाननं दांडा ओढला. पुढची चाकं जागी झाली; सबंध गाडी एखाद्या ताज्या दमाच्या जोडीसारखी पुढं झेपावली, उतार उतरली, तळ ओलांडला आणि पलीकडचा चढ न थांबता चढून गेली.

चारही चाकं ओढत होती. नाल्यात पाणी नव्हतं.